मजलिसचे मोतमद

राजूरकरांना बसवत नसे. बैठकीत लिहिण्यापुरते ते टेकत, तेही खुर्चीच्या काठावर. बाकी सगळा वेळ त्यांची येरझार चाले. खिडकीपासून जिन्यापर्यंत आणि जिन्यापासून खिडकीपर्यंत. आमच्या वाचनालयाची खोली त्यांच्या दफ्तराला लागून होती, मधे फक्त एक लाकडी पडदी. पुस्तक उघडून बसलं की पलीकडून त्यांच्या चपलांचा आवाज येई आणि वाचणाराचा जीव उगाच कासावीस होई. कुणी म्हणे, मोतमदसाहेबांना मुंग्या येतात. कुणी म्हणे, पेशकारीत, म्हणजे कचेरीच्या कारकुनीत, तहसीलदारासमोर वर्षानुवर्षं उभं राहून खटल्यांच्या मिसली वाचल्या, त्याचा हा परिणाम. मला हे दुसरं कारण पटतं. ज्याला आयुष्यभर बसू दिलं नाही, त्याला बसायची सवय कुठून लागणार?

मी हे हैदराबाद संस्थानाच्या सरहद्दीपलीकडे, वऱ्हाडात बसून लिहितो आहे. इथं सभा भरवायला कुणाची परवानगी लागत नाही. तिकडे अजून लागते. तिकडून निघून आलेल्या आमच्यापैकी पुष्कळांना आता वाटतं की बंदुकीशिवाय तिकडचं काही सुटायचं नाही. असेलही. पण असं कुणी बोलायला लागलं की मला जुन्या जालन्यातली ती कापडदुकानावरची माडी आठवते, आणि तिच्यात फेऱ्या घालणारा, शेरवानीची वरची दोन बटणं कायम उघडी ठेवणारा एक किडकिडीत माणूस.

आधी मजलिस म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण ती आता कुणाला आठवत नाही. आमच्या भागातले काही पाटील आणि व्यापारी, लोकांनी निवडून दिलेले, आणि तेवढेच सरकारने नेमलेले. अध्यक्ष तहसीलदार. रस्ता कुठं करायचा, शाळेला खोली कुठं बांधायची, बाजार कुठं भरवायचा, असे विषय. मजलिसचं दफ्तर म्हणजे कचेरीच्या कोपऱ्यातलं एक टेबल, आणि त्यामागे बसणारा कारकून तहसीलदाराचाच. बैठकीत काही का होईना, रूदाद, म्हणजे झालेल्या कामकाजाची नोंद, तहसीलदाराला हवी तशी उतरायची. मग एके दिवशी हैदराबादहून हुकूम आला. मजलिसचं दफ्तर कचेरीतून वेगळं करावं. त्याचा मोतमद, म्हणजे चिटणीस, मजलिसला बांधील असावा, कचेरीला नाही. एक साल आजमाइश करावी, मग पुढचं ठरवावं.

वर कुणाच्या डोक्यात हे आलं, कळायला मार्ग नाही. सुधारणेचं वारं होतं, एवढंच. तहसीलदारांनी मात्र शांतपणे आपल्या पेशकाराचं, राजूरकरांचं, नाव पुढं केलं. टेबल कचेरीत राहिलं काय न् माडीवर गेलं काय, माणूस आपलाच. त्यांचा हिशोब चुकीचा नव्हता. आम्हीही तेच धरून चाललो होतो. टेबल माडीवर चढलं त्या दिवशी वाचनालयातल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या, त्या कुचेष्टेच्या होत्या.

पहिल्या बैठकीच्या दुसऱ्या दिवशी कचेरीचा शिपाई वर आला.

"साहेबांनी रूदाद मंगवलीय. इस्लाह करून सांजच्याला परत देतेत."

इस्लाह म्हणजे दुरुस्ती. हा रिवाज जुना. रूदाद आधी साहेबांच्या बंगल्यावर जायची, तिथं दुरुस्त व्हायची, मग सदस्यांपुढे यायची.

राजूरकर फेऱ्या घालतच म्हणाले, "साहेबांना म्हणावं, पुढच्या बैठकीत मी वाचूनच दाखवणार हाय. तवा ऐकावी. बाकीचे सदस्य ऐकतेत तशी."

शिपाई तसाच उभा. "हे असं सांगू म्हणता मी?"

"असंच सांगा."

"साहेब मला जोड्यानं हाणतील, राजूरकरसाहेब."

राजूरकर थांबले. दोन्ही बटणं लावली, कोपऱ्यातली छत्री घेतली आणि म्हणाले, "बराबर हाय तुमचं. चला, मी येतो. मीच सांगतो." आणि शिपायाच्या पुढे जिना उतरून गेले. बंगल्यावर काय झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. रूदाद मात्र टेबलाच्या खणातून हलली नाही. आमच्या पोरांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या नाहीत, पण पडदीला कान लावायला सुरुवात केली.

खरी लढाई तहसीलदाराशी नव्हती, ती सदस्यांशी होती. बैठक बाजाराच्या दिवशी भरे. गावोगावचे सदस्य बैलगाड्या जोडून येत, आणि उन्हं कलायच्या आत त्यांना परतायचं असे. त्यामुळे एक सोय पडून गेली होती. आल्याआल्या कोऱ्या कागदाच्या तळाला सही किंवा अंगठा करायचा, थोडा वेळ बसायचं आणि निघायचं. वरचं कारकून नंतर लिही. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. उलट न वाचता सही करणं म्हणजे सरकारवर भरवसा दाखवणं, अशी त्यांची समजूत होती. वाचायला मागणारा माणूस संशयी, बेअदब.

सखाराम पाटील भोकरदनच्या रस्त्यावरच्या एका गावचे. मोठा देह, मोठा फेटा आणि बैठकीत तोंडातून शब्द नाही. त्यांनी माडीवर पाऊल ठेवताच हात पुढं केला.

"द्या कागद, मोतमदसाहेब. बैलं तान्हेली हायत माझी."

"कशावर सही करता पाटील?"

"तुम्ही जे लिवाल त्याच्यावर."

"मी लिहीन, सखाराम पाटलांनी आपला मळा मजलिसला देऊन टाकला."

सगळे हसले. पाटील हसले नाहीत. "असं कसं लिवाल?"

"का न लिहू? खाली तुमची सही हाय की."

पाटलांनी हात मागं घेतला.  मग बाकावर बसले आणि शेवटपर्यंत बसून राहिले. बाकीच्यांनी मात्र कटकट केली. बैलांचं काय, गाड्यांचं काय, आमचा खोळंबा कशाला? पुढच्या बैठकीला जिन्याखाली दगडी डोणी पाण्यानं भरलेली आणि तिच्याशेजारी कडब्याच्या पेंढ्या. राजूरकर वरच्या खिडकीतून ओरडत होते, "बैलं सोडा, पाजा, अन् वर या. आता कुणाचं काही ऐकणार न्हाई."

बैठकीच्या वेळी ते दार उघडं ठेवत. तहसीलदारांनी भुवया चढवल्या तेव्हा म्हणाले, "हुकुमात दार उघडं ठेवा असं न्हाई, साहेब. बंद ठेवा असंबी न्हाई. उकाडा फार होतो." त्यामुळे जिन्यात आणि आमच्या वाचनालयाच्या दारात उभं राहून कुणालाही ऐकता येऊ लागलं. लोक येऊ लागले. आधी गंमत म्हणून, मग सवयीनं.

बैठकीच्या आदल्या दिवशी जो सदस्य येईल त्याला ते उद्याचे विषय समजावून सांगत. कागद उर्दूत, सांगणं मराठीत. चालता चालता सांगायचे, आणि ऐकणाराची मान या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत राहायची. असं केलं तर असं होईल, तसं केलं तर तसं होईल, नियम असा आहे. सांगून झालं की थांबत. "आता तुम्ही मला सांगा." मग तो बिचारा अडखळत तेच परत सांगे. चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. शेवटी प्रत्येकाचा एकच प्रश्न ठरलेला. "मंग उद्या हात वर करू का न्हाई?"

हे विचारलं की राजूरकर सज्जात निघून जात आणि खालच्या गल्लीकडे पाहत उभे राहत. प्रश्नकर्ता कंटाळून उठेपर्यंत आत येत नसत. सदस्यांनी त्यावर विनोद करून ठेवला होता. मोतमदसाहेबाला हाकलायचं असलं तर एवढंच इचारावं. त्यांच्या पत्नी, आम्ही त्यांना काकू म्हणत असू, एकदा डबा घेऊन आल्या तेव्हा हे ऐकून म्हणाल्या, "घरी निराळं हाय का? भाजी काय करू म्हणलं तर मेथीचं एक सांगतेत, वांग्याचं एक सांगतेत, अन् उठून जातेत. मंग मी पिठलं करते. खातेत गुमान."

मला हा स्वभाव असह्य होई. समजून घ्यायला जहागीरदारही येत. ते सरकारनियुक्त. शहराबाहेर त्यांचं मोठं रान, आणि तहसीलदारांचं उठणंबसणं त्यांच्याकडे. राजूरकर त्यांनाही तेवढंच सांगत, तेवढ्याच फेऱ्या घालून, आणि त्यांच्याकडूनही वदवून घेत. मला वाटे, हातात शस्त्र आलंय आणि हा माणूस ते दोन्ही बाजूंना वाटत सुटलाय.

एकदा झालं असं. बाजारतळावर विहीर खोदावी असा ठराव सखाराम पाटलांनी आणला. जहागीरदारांनी उठून विचारलं, याची नोटीस मुदतीत आली होती का? राजूरकरांनी कागद पाहिला आणि म्हणाले, नाही, उशिरा आली. ठराव बारगळला. उन्हात भाजी विकणाऱ्या बायका पुन्हा दुसऱ्या आळीतून पाणी आणत राहिल्या. बैठक संपल्यावर मी पडदी ओलांडून गेलो.

"तुम्ही नुसता तराजू झालात, राजूरकर. तराजूला तहान लागत नाही."

"चांगलं वाक्य आहे. तुम्ही लिहिता त्या पत्रकात घाला."

"एक दिवसाचा प्रश्न होता. तारीख एक दिवस मागे घातली असती तर कुणाचं काय गेलं असतं?"

ते खिडकीशी जाऊन परत आले. "नोटिशीचं पाटलाला मी आधीच सांगितलं होतं. वदवूनसुद्धा घेतलं होतं. त्याला वाटलं, आपला माणूस बसलाय, सांभाळून घेईल. हे 'आपला माणूस' पहिलं मोडायला पाहिजे." आणखी एक फेरी. "मी पेशकार होतो. तारखा मागंपुढं करण्यात जिंदगी गेली माझी. किती सोपं असतं ते मला विचारा. पाटलासाठी आज एक दिवस केली की उद्या तहसीलदारासाठी महिना करावा लागतो. तेव्हा नाही म्हणायला तोंड उरत नाही."

मला ते पटलं नाही. मी तसं म्हणालोही. त्यांनी मान डोलावली, जणू माझंही म्हणणं रूदादीत घ्यायचं आहे.

साल संपत आलं आणि बाजाराचा विषय निघाला. जहागीरदारांच्या रानात बाजार हलवावा, असा तहसीलदारांचा ठराव. जागा ऐसपैस, झाडांची सावली, वरवर सगळं छान दिसत होतं. पण रान जहागीरदारांचं म्हणजे तिथं कुणी कुठं बसायचं ते त्यांची माणसं ठरवणार. दोर विकणाऱ्यांना आणि चपला शिवणाऱ्यांना कुठं ढकलतील हे सगळ्यांना माहीत होतं. त्या बैठकीत चर्चा झाली, निकाल पुढच्या बैठकीवर ठेवला. सखाराम पाटील उठले, घसा खाकरला, "माझं म्हणणं हाय की…" म्हणाले, तहसीलदारांकडे पाहिलं आणि बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते माडीवर हजर.

"मोतमदसाहेब, माझं भाषण लिवून घ्या."

"कोणतं भाषण?"

"कालचं. रस्त्यानं जाता जाता सगळं सुचलं बघा. असलं सुचलं की बैलबी थांबले."

"पण इथं तर तुम्ही काही बोलला न्हाईत."

"बोललो न्हाई. पण बोलणार व्हतो!"

"मंग पुढच्या बैठकीला बोला. मी लिहितो."

"तुम्ही आत्ताच घाला ना मधी कुठं तरी. कोण बघतंय?"

"पाटील, साहेबांनी न बोललेलं लिहायचं न्हाई म्हणून मी त्यांच्याशी भांडलो. आता तुमचं न बोललेलं लिहू?"

पाटील रागावून गेले. जिन्यात मला म्हणाले, "ह्यो माणूस कुणाचाच न्हाई." त्या दिवशी मी त्यांच्याशी सहमत होतो.

पुढच्या बैठकीला जिन्यात पाय ठेवायला जागा नव्हती. पाटील उठले. या वेळी त्यांनी तहसीलदारांकडे पाहिलंच नाही. ते राजूरकरांच्या टाकाकडे पाहत होते.

"लिवून राह्यले ना?"

"बोला."

"बाजार जहागीरदारसाहेबांच्या रानात गेला तर माल आमचा अन् जागा त्यांची. आज बसू देतील, उद्या उठवतील. जिथून कुणाला कुणी उठवू शकत न्हाई, तिथंच बाजार पाहिजे."

"पाटील, बैठिए," तहसीलदार म्हणाले.

"बसतो साहेब. ह्ये लिवून होऊ द्या." पाटील उभेच राहिले. "अन् आणखी एक. साहेब ज्यांच्या घरी जेवायला जातेत, त्यांच्या रानाचा ठराव असंल तवा साहेबांनी त्या खुर्चीवर बसू न्हाई."

 टाकाचा तेवढा आवाज. मग राजूरकरांनी लिहिलेलं वाचून दाखवलं, शेवटच्या वाक्यासकट, त्यांच्या नेहमीच्या सपाट आवाजात. "बराबर?"

"बिलकुल बराबर," पाटील म्हणाले आणि बाकावर आदळले.

हात मोजले. ठराव पडला. नेमलेल्यांपैकी एकदोघांनी हात वर केलेच नाहीत. ते विसरले, की विसरल्यासारखं केलं, कोण जाणे.

तहसीलदार माडीवर बैठकीखेरीज कधी आले नव्हते. दुसऱ्या दिवशी आले. पलीकडून मी सगळं ऐकलं. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, हेच जास्त वाईट.

"राजूरकर, पाटलाची ती ओळ काढा. अन् ठराव पडला असं लिहू नका, पुढं ढकलला लिहा. एवढंच. साल संपतंय. मी शिफारस करतो, दफ्तर कायम होईल. तुम्ही कायम व्हाल."

चपलांचा आवाज थांबला होता.

"साहेब, हे काढून दफ्तर राहिलं, तर ते तुमचं कोपऱ्यातलं टेबलच झालं. ते तर तुमच्याकडं आधीपासून आहे."

"सोच लो."

"सोचलं."

संध्याकाळी पाटील धावत आले. त्यांना कचेरीतून कुणीतरी सांगितलं होतं. "काढा साहेब माझी ओळ! मी म्हणतो काढा. दफ्तर गेलं तर आम्हाला कोण समजावून सांगणार? पुन्हा आम्ही आंधळे ते आंधळे." त्या मोठ्या माणसाच्या डोळ्यात पाणी होतं.

राजूरकरांनी त्यांना बाकावर बसवलं. "ती ओळ आता तुमची राह्यली न्हाई, पाटील. मजलिसची झाली. तुम्हालाबी काढता येत न्हाई, मलाबी न्हाई." आणि म्हणाले, "अन् समजावून काय सांगायचं राह्यलंय तुम्हाला? काल मी कुठं सांगितलं होतं काय बोलायचं ते?"

सालातल्या शेवटच्या बैठकीत रूदाद कायम करायची होती. तहसीलदारांनी खिशातून दुसरा कागद काढला आणि म्हणाले, खरी रूदाद ही. दोन्ही वाचल्या गेल्या.  तेव्हा जहागीरदार उठले. आता सगळं संपलं असं मला वाटलं.

"हम हारे सो हारे," ते म्हणाले. "इस आदमी ने हमकोबी बराबर समझाया था. अब झूट कायकू लिखना?" आणि राजूरकरांच्या रूदादीसाठी त्यांनीच पहिला हात वर केला. मी त्या माणसाविषयी कितीतरी पत्रकं लिहिली होती. त्यातला एक शब्द मी आजही मागे घेत नाही. पण तो हात मी पाहिला आहे, आणि न पाहिल्यासारखं करता येत नाही.

रूदाद कायम झाली. दफ्तर मात्र झालं नाही. कारभाराच्या सोयीसाठी ते पुन्हा कचेरीत सामील करावं, असा हुकूम निघाला. टेबल न्यायला शिपाई आले. जिना अरुंद, टेबल वळणावर अडकलं. राजूरकरांनी स्वतः खाली उतरून एक कोपरा धरला, पाय मोडू नये म्हणून. पेशकारी त्यांना परत मिळाली नाही. खालच्या कापडदुकानात ते पत्रव्यवहार पाहू लागले.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते कचेरीबाहेर. आमच्या वाचनालयाला कुलूप लागलं होतं. माझ्या नावानंही अटकेचा कागद निघाल्याची कुणकुण होती, आणि मी त्याच दिवशी भोकरदनकडून वऱ्हाडात निघणार होतो. मजलिसची बैठक आत चालू होती, दार बंद. बाहेर अर्जदारांच्या गर्दीत, पावसानं चिखल झालेल्या आवारात, राजूरकर उभे होते. कुणाची वाट पाहत होते असं नाही. दुकानातून निघाले आणि पाय तिकडे वळले असावेत.  मी निघालो म्हणालो, त्यांनी मान हलवली.

तेवढ्यात दार उघडलं. सदस्य बाहेर आले. सखाराम पाटील सरळ राजूरकरांकडे आले आणि आत काय काय झालं ते सांगू लागले. कोणते विषय निघाले, कोण काय बोललं, बाजाराचा ठराव पुन्हा कुणी काढला नाही.

राजूरकरांनी त्यांना थांबवलं. "मला कशाला सांगता, पाटील? मी आता मजलिसचा कुणी न्हाई."

"तुम्ही रयत हाय का न्हाई?"

"हाय."

"मंग ऐकावं लागंल. आम्ही तुमच्या वतीनं बसतो तिथं."

राजूरकर त्यांच्याकडे पाहत राहिले. चेहरा असा, की कुणी अनोळखी भाषेत बोलावं आणि आपल्याला ती अचानक समजावी. मग त्यांचा आवाज एकदम चढला. इतका चढलेला मी तो कधी ऐकला नव्हता.

"मंग आमच्या गल्लीच्या रस्त्याचं का न्हाई काढलं? गुडघाभर चिखल झालाय! आमची मंडळी परवा घसरून पडली. झोपला होता का तिथं?"

"आँ?"

"आँ काय? निवडून कशाला दिलं तुम्हाला?"

पाटलांचं तोंड आधी उघडं पडलं आणि मग हळूहळू हसू लागलं. शेजारचा एक अर्जदार पुढे सरकला. "अन् आमच्या गावच्या शाळंचं?" त्याच्यामागून आणखी कुणी. मी रस्त्याला लागलो. वळणावर मागं पाहिलं तर पाटलांचा फेटा माणसांच्या घोळक्यात बुडाला होता, आणि सगळ्यांच्या वर राजूरकरांचा आवाज होता. ते भांडत होते.